पडदा धरणारी माणसं

फोनमध्ये गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो साठत जातात, आपण एकही पुसत नाही, आणि एक दिवस फोन सांगतो की आता जागा नाही. आमच्या बाकाचं तसंच झालं आहे. नागपुरात लकडगंजच्या बागेतला सिमेंटचा बाक. रोज सकाळी आम्ही त्यावर बसतो आणि रोज कुणीतरी एखादा किस्सा टाकून जातं. फिरायला येणाऱ्यांना वाटतं, म्हातारे मजेत आहेत, सकाळी सकाळी खिदळताहेत. खिदळतो, खरं आहे. पण नीट कान देऊन ऐकलं तर आमचा प्रत्येक किस्सा भीतीचाच असतो. तिच्यातून बाहेर आल्यावर सांगतो, म्हणून हसू येतं.

बाकावरची माणसं आधी सांगून टाकतो. मी पौनीकर. शहराबाहेरच्या वाडी नावाच्या गावात, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात माल उतरवून घेण्यात आयुष्य काढलं आणि रिटायर झालो. माझी बायको नलू, मुलगा हर्षल कॅनडात. मेश्राम सर शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांची मुलगी अश्विनी ऑस्ट्रेलियात. पटेल शेठचा इथेच लाकडाचा धंदा, त्यांचा मुलगा शिकागोला. आणि हेडाऊ बाई, रिटायर्ड नर्स. नवरा गेला, मुलगा न्यू जर्सीत, घरी एकट्या.

जात वेगळी, धंदा वेगळा, बोली थोडी थोडी वेगळी. सारखी गोष्ट एकच. प्रत्येकाचं लेकरू विमानात बसून गेलं आणि त्या दिवसापासून प्रत्येकाच्या पोटात एक गोळा आहे. तो कधी वर सरकतो, कधी खाली बसतो, पण जात नाही.

*

आमच्या घरांत फोनचा एक नियम आहे. कुणी केलेला नाही, पण सगळे पाळतात. प्रत्येकाचा वार ठरलेला, वेळ ठरलेली. ठरल्या वेळी फोन आला तर गप्पा. अवेळी आला तर काहीतरी झालं.

एका बुधवारी सकाळी बाकावर पटेल शेठचा फोन वाजला. स्क्रीनवर मुलाचं नाव. शेठचा वार शनिवार! त्यांनी फोन मेश्राम सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सर, आप उठाओ. अपने से नहीं होता."

सरांनी नाव वाचलं आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. मी तो नलूकडे सरकवला. नलूनं तर हातही लावला नाही, रुमालात धरून पुढे दिला. फोन बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत वाजत गेला आणि बंद पडला. तो परत वाजला. शेवटी हेडाऊ बाईंनी उचलला आणि वॉर्डातल्या आवाजात विचारलं, "बोल बाबू. कोणाले काय झालं?"

पलीकडून मुलगा म्हणाला, "आंटी, तूर डाल को कुकर की कितनी सीटी लगती है?"

शेठ आधी रडले. मग त्यांनी त्याला असं झापलं की चालणारी माणसं थांबून बघायला लागली. मुलगा समजदार निघाला. तेव्हापासून अवेळी फोन करायचा असला की तो आधी मेसेज टाकतो, 'सब ठीक है, फोन करूँ?' शेठ तो मेसेज आम्हाला एकेकाला दाखवत फिरतात.

"देखो ना, भाऊ. सब ठीक है असं काहून लिहून राहिला हा? कुछ तो हुआ है."

*

मेश्राम सरांना जगाचा नकाशा पाठ. पण अश्विनी गेली आणि ऑस्ट्रेलिया त्यांच्या डोक्यात आकसून आमच्या बागेएवढा झाला. तिथे कुठेही वणवा लागला की यांना तो मुलीच्या गॅलरीतून दिसतो. एकदा ती ऑफिसात मीटिंगमध्ये असताना यांनी फोन करून करून तिला बाहेर बोलावलं. खिडक्या लाव, दाराखाली ओला टॉवेल ठेव, असं सांगायला लागले.

ती म्हणाली, बाबा, ती आग माझ्यापासून नागपूर-काश्मीरएवढी लांब आहे. भूगोल तुम्हीच शिकवला ना मला? सर म्हणाले, शिकवला, आणि वारा कसा वाहतो तेही शिकवलं.

मग घाबरायची पाळी तिच्यावर आली. नरखेडकडे कुणाच्या संत्र्याच्या बगीच्यात वाघ दिसला. नरखेड नागपूर जिल्ह्यात, त्यामुळे बातमी फिरली ती 'नागपुरात वाघ' अशी. ऑस्ट्रेलियातून फोन आला की दार लावून घ्या, सकाळी फिरायला जायचं नाही. सर हसले. नरखेड कुठे, लकडगंज कुठे, मधे किती गावं लागतात, सगळं सांगितलं. मुलगी ऐकून घेईना आणि एकदम रडायला लागली.

झालं. सर दोन दिवस बागेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा शेठनी सगळ्यांदेखत विचारलं, वाघ गेला का? आम्ही हसलो. सर हसले नाहीत. बाकावर बसून त्यांनी चष्मा पुसला.

"वाघाचं भेव नाई गा," ते म्हणाले. "पोरगी तिकडे एकटी बसून रडून राहिली होती. त्याचं भेव वाटलं."

*

आमची दुसरी पद्धत चाबीची. प्रत्येकाच्या घराची एक चाबी बाकावरच्या दुसऱ्या कुणाकडे असते. हेडाऊ बाईंची माझ्याकडे, माझी सरांकडे, सरांची शेठकडे. देताना कुणी कारण सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. 'राहू द्या तुमच्याकडे,' एवढंच बोलणं होतं.

हेडाऊ बाईंच्या मुलानं न्यू जर्सीहून पैसे पाठवून त्यांच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला. आई पडली-झडली तर दिसायला हवी. बाईंचं डोकं फिरलं. जन्मभर मी पेशंटवर नजर ठेवली, आता हा माझ्यावर ठेवून राहिला, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.

थोड्या वेळानं मला त्या मुलाचा फोन आला. काका, कॅमेऱ्यात अंधार दिसतो, आई फोन उचलत नाही, तुम्ही जाऊन बघा. चाबी घेतली, एकट्यानं जायची हिंमत नव्हती म्हणून सरांना सोबत घेतलं. दार उघडलं. आत टीव्ही चालू, पंखा चालू, टेबलावर बाईंचा फोन. हाक मारली. ओ नाही.

आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. समोर स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, पण तिथपर्यंत जायची छाती होईना. सर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मी म्हणालो, चाबी मी आणली, आत तुम्ही जा. ते म्हणाले, तुम्ही त्यांच्या जास्त ओळखीचे. उंबरठ्यावर आमचं हे 'पहले आप' चाललेलं असताना मागून आवाज आला.

"काय गा, माझ्या घरी चोरी करून राहिले का?"

बाई! हातात वांग्यांची पिशवी. फोन घरी विसरून बाजारात गेल्या होत्या. आम्ही इतके हसलो की सरांना ठसका लागला. बाईंनी चहा ठेवला, मुलाला फोन करून दोन शिव्या घातल्या. कप हातात देताना त्यांनी सहज विचारलं की दार उघडलं होतं, मग आत का नाही गेलात?

सर चहात फुंकर मारत राहिले. मीही मारली. बाईंनी पदर खोचला.

"पुढच्या टाइमाले आत जाजा," त्या म्हणाल्या. "मी पडली असन तं वाट पाहून राहिली असन तुमची."

*

आता थोडं माझं. वडिलांचा गोळीबार चौकात हातमाग होता. मागावर घर चालेना तेव्हा मी वाडीच्या गोदामात लागलो. तिथे एकदा माझ्यासमोर एका हमालाचा हात लोखंडी पेटीखाली आला. पेटी टेकल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नलूला सांगितलं होतं, हर्षल काहीही करेल, पण गोदामात पाय ठेवणार नाही.

हर्षल शिकला, पुढे शिकायला कॅनडात गेला. निघताना नलूनं त्याच्या बॅगेत एक चादर कोंबली. माझ्या चुलतभावाच्या मागावरची, पिवळी, लाल काठाची. तिकडे सगळं मिळते वं आई, म्हणून तो काढत होता आणि ही परत घालत होती. शेवटी चादर गेली. शिक्षण संपल्यावर नोकरी लागली. मी विचारलं, काम काय रे? तो म्हणाला, लॉजिस्टिक्स. मी बाकावर पेढे वाटले. शेठनी दोन घेतले आणि म्हणाले की लॉजिस्टिक्स म्हणजे बडा काम.

हर्षलच्या खोलीत मनदीप नावाचा पंजाबी मुलगा राहतो, कामाला पण दोघं एकाच जागी. व्हिडिओ कॉलवर तो मागून हात हलवून आम्हाला सत श्री अकाल करतो. हातातलं स्टीलचं कडं एवढं जाड की तेच आधी दिसतं.

एकदा हर्षलनं जेवणाच्या सुट्टीत कामावरूनच फोन केला. तो बोलत होता आणि मागून टीं टीं टीं असा आवाज यायला लागला. ट्रक मागे घेताना वाजतो तो. मग साखळी ओढल्याचा आवाज, मग जड पेटी जमिनीवर टेकल्याचा. कुणीतरी ओरडलं. भाषा इंग्रजी होती, पण सूर वाडीचाच. मी विचारलं, तुझं ऑफिस कुठे आहे रे? वरच्या मजल्यावर, बाबा, तो म्हणाला. बरं झालं, मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर नलूनं विचारलं, तोंड असं का केलं? मी म्हणालो, नेटवर्क बरोबर नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक फोनवर मी शेवटी त्याला एकच सांगतो की हात सांभाळ. तो दरवेळी हसतो.

"बाबा, कीबोर्डवर हाताले काय होते?"

*

गेल्या वर्षी नलूच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून काढू आणि तपासायला पाठवू, तोवर काही सांगता येत नाही.

नेमके त्याच दिवसांत हर्षलचे कायम राहण्याचे कागद तिकडच्या सरकारकडे अडकले होते. अशात देश सोडला तर परत आत घेतील की नाही, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आणि पोरगा असा की आईचं कळलं असतं तर हातातलं काम टाकून विमानतळ गाठला असता. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. नलूनं ऑपरेशनला जायच्या आधी माझा हात धरून एकच अट घातली, हर्षलला कळता कामा नये. मला गाठीची भीती वाटत होती आणि तिला तो निघून येईल याची.

ऑपरेशन झालं आणि रविवार आला. रविवारी सकाळी हर्षलचा व्हिडिओ कॉल. घरी असताना नलू दिवाणावर बसते, मागे आमच्या खिडकीचा निळा पडदा असतो. इथे हॉस्पिटलात मागे हिरवी भिंत आणि ऑक्सिजनचा नळ. मी म्हणालो, फोन बिघडला असं कळवतो. हेडाऊ बाईंनी मला वेड्यात काढलं. आईचा चेहरा नाही दिसला तर तो संध्याकाळपर्यंत पूर्ण नागपूरला फोन लावेल, म्हणाल्या.

मग बाईच कामाला लागल्या. मला घरी पिटाळून निळा पडदा काढून आणायला लावला. सलाइनच्या दोन स्टँडला दोरी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्यावर पडदा लावला. नलूच्या गाऊनवर शाल, सुई टोचलेला हात शालीत, कपाळावर टिकली. मेश्राम सरांनी फोन हातात धरून कुठून काय दिसतं ते तपासलं. अगदी आमचं घर!

कॉल लागला आणि पंख्याच्या वाऱ्यानं डावीकडचा चिमटा निसटला. मी धावून कोपरा पकडला आणि पलंगाच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही असा, हात वर करून उभा राहिलो. तिकडून हर्षलनं विचारलं, बाबा कुठे गेले? नलू म्हणाली, दूध आणायला गेले.

मायलेकांच्या गप्पा संपेनात. बर्फ किती पडला, भाजी काय केली, मनदीपनं पराठे कसे जाळले. माझा हात भरून आला. आधी मुंग्या आल्या, मग कोपर वाकायला लागलं, पडद्याचा कोपरा खाली यायचा आणि मी झटका देऊन परत वर ओढायचो. बाजूनं मला नलूचा चेहरा दिसत होता. टाके दुखत असणार, पण ती हसत होती. रिपोर्ट वाईट आला तर हिचं हे हसणं मी किती दिवस पाहणार, असं मनात आलं आणि मी मान फिरवली.

तर दारात डॉक्टर, हातात फाइल! राउंडला आले होते. हेडाऊ बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि कॉल संपेपर्यंत दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता रागावणार. ते आत आले, नलूचा पल्स पाहिला आणि म्हणाले, "माझी मुलगी जर्मनीत आहे."

मग पडद्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "हे चिमटे कुठून घेतले?"

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. चांगला आला. हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखे पोटात गोळा घेऊन बसाल.

*

पडदा मग आमचा राहिलाच नाही, बाकाचा झाला. पटेल शेठची अँजिओप्लास्टी ठरली तेव्हा त्यांच्या बायकोनं आधी पडदा मागितला, मग मेडिक्लेमचं कार्ड शोधलं. शेठ आयसीयूतून खोलीत आले, शनिवार होता, पडदा लावला, शिकागोचा कॉल लागला. सगळं सुरळीत. पण शेठची सून हुशार. लग्नानंतर एकदा आमच्याकडे जेवायला आली होती. ती म्हणाली, पप्पा, हा तर पौनीकर अंकलच्या घरचा पडदा!

शेठच्या छातीला लावलेलं मशीन टीक टीक करत होतं ते जोरात टिकटिकायला लागलं. पण माणूस धंद्यातला. ते म्हणाले, हो, त्यांच्याकडेच आलोय चहाला. सून म्हणाली, मग अंकलना नमस्ते करते.

मी खाली कँटीनमध्ये होतो. मला पळत वर आणलं. हॉस्पिटलच्या खोलीत, पटेल शेठच्या पलंगाच्या कडेवर, मी माझ्याच घरात बसल्यासारखा बसलो, हसलो, आणि यजमान म्हणून शेठना चहा घ्यायचा आग्रह केला. चहा त्यांना मना होता. त्यांनी कप ओठाला लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, भाभी के हाथ की चाय की बात ही अलग है. आम्ही सगळे त्या दिवशी खूप हसलो. शेठ मात्र फोन बंद झाल्यावर माझं मनगट धरून बराच वेळ पडून होते. सोडलं नाही.

*

आता शेवटचा. हा मी बाकावर अजून सांगितलेला नाही.

मागच्या रविवारी हर्षलचा कॉल थोडा उशिरा आला. तोवर नलू दोनदा फोन चार्जिंगला लावून आली होती. आठवडाभर त्याचे मेसेज त्रोटक येत होते, 'हो', 'ठीक', 'बिझी आहे', आणि माझा गोळा वर सरकलेला होता.

कॉल लागला. हर्षल हसत होता. रोजच्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ बसला होता, चेहरा आणि डावा खांदा एवढंच दिसत होतं. मागे पिवळी चादर, लाल काठाची. नलू खूश झाली. मलाही आधी बरंच वाटलं, म्हटलं, पोरगा घरची चादर वापरतो आहे.

मग लक्षात आलं की चादर पलंगावर नाही. मागे उभी लावलेली आहे.

हर्षल बोलत होता. बर्फ वितळला, काम मस्त चालू आहे, साहेब खूश आहेत. हा मुलगा लहानपणापासून दोन्ही हातांनी बोलतो, जेवतानासुद्धा भाजीचा चमचा हवेत फिरवतो. त्या दिवशी तो नुसत्या तोंडानं बोलत होता. चादरीचा उजवीकडचा वरचा कोपरा हळूहळू खाली आला आणि झटक्यानं परत वर गेला. थोड्या वेळानं परत खाली आला. कोपऱ्यावर चार बोटं होती. बोटांखाली मनगट, आणि मनगटावर जाड स्टीलचं कडं.

माझाच हात दुखायला लागला. मला विचारायचं होतं, तुझा उजवा हात कुठे आहे रे? दाखव आधी. मी म्हणालो, "थंडी किती आहे तिकडे?"

"कमी झाली, बाबा," तो म्हणाला.

मी नलूकडे पाहिलं. ती कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. हॉस्पिटलमध्ये हसली होती तसंच, तेवढंच. ती पुढे वाकली आणि अगदी रोजच्या आवाजात बोलली.

"मनदीपचा हात भरून आला असन, बाबू. त्याले म्हण, सोड आता."

हर्षलचं हसू तिथेच राहिलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बाजूनं कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "छोड़ दूँ?" हर्षलनं मान हलवली. बोटं उघडली आणि चादर खाली गेली.

मागे पांढरी भिंत होती. पलंगाचा कठडा होता, सलाइनचा स्टँड होता. बाजूला मनदीप आपला खांदा चोळत उभा होता. मग हर्षलनं उजवा हात वर आणला. कोपरापासून खाली सगळं बँडेज. बोटं दिसत नव्हती. पट्टी जाड होती म्हणून दिसत नसतील, असं मी मनाशी म्हणत राहिलो. माझ्या कानात पेटी टेकल्याचा आवाज आला.

मग हर्षलनं विचारलं, "आई, तुले कसं समजलं?"

नलूनं पदरानं फोनची काच पुसली, काचेला काही लागलेलं नव्हतं.

"आमचा निळा होता," ती म्हणाली.